बालदीत पडलेली खापरी

मी एक जुनी खापरी आहे. तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढी. तुम्ही मला पाहिलेत तर लंगडीच्या घरात ठिकरी म्हणून फेकाल आणि विसरून जाल. पण मित्रांनो, फेकण्याआधी माझी हकीकत ऐका. लालबागच्या एका आवारात, एका संध्याकाळी, एका कुटुंबाचे छप्पर माझ्यासारख्या खापऱ्यांवर टेकलेले होते.

धारावीच्या कुंभारवाड्यात आमचा जन्म झाला. आमचा म्हणते, कारण तेव्हा मी एकटी नव्हते. आम्ही सगळ्या मिळून एक मोठा काळा माठ होतो आणि मी त्याच्या पोटाशी होते. कुंभाराच्या थापीचा मार खाल्ला, भट्टीत भाजून निघालो, तेव्हा कुठे पाणी गार ठेवण्याची अक्कल आली. गंगुबाईने आम्हाला बोटाने वाजवून पाहिले आणि विकत घेतले. ही गंगुबाई मालवणकडची, गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात कामाला. तिने आम्हाला आवाराच्या मधोमध तिवईवर बसवले आणि नियम घातला. ओगराळे एक, पाणी सगळ्यांना. ज्याला विटाळ होत असेल त्याने घरी जाऊन प्यावे. एकदोघे कुरकुरले, पण उन्हाळा तापला तसे तेही मुकाट्याने पिऊ लागले.

आवारात समोरासमोर दोन चाळी होत्या. उजवीकडच्या चाळीत तालीम होती आणि तिथे कोंडीराम वस्तादाचा शब्द शेवटचा. पोरे भोंग्याच्या आधी उठून जोर काढत, जिने लखलखीत असत, नळावर तोंडातून ब्र काढायची कोणाची छाती नव्हती. डावीकडच्या चाळीत उठल्यासुटल्या सभा. गळका नळ बदलायचा की दुरुस्त करायचा, यावर बोलता बोलता पावसाळा सरला आणि नळ आपला गळतच राहिला. शाळेत इतिहास शिकवणारे शामराव मास्तर याच चाळीत राहत. त्यांनी थट्टेने उजवीचे नाव स्पार्टा ठेवले आणि डावीचे अथेन्स. थट्टेचे नाव, पण चिकटले ते चिकटलेच.

मास्तर पाणी प्यायला आले की ग्रीसच्या गोष्टी सुरू होत. स्पार्टात मुलगा सात वर्षांचा झाला की आईच्या कुशीतून थेट छावणीत. तिथे राजे एक सोडून दोन, वर म्हाताऱ्यांचे मंडळ, आणि त्या मंडळावर माणूस निवडायचा तो ओरडून! ज्याच्या नावाला गलका मोठा, तो जिंकला. अथेन्सात टेकडीवर सभा भरे, वाटेल त्या नागरिकाने उठून बोलावे, पुष्कळशी पदे चिठ्ठ्या टाकून वाटली जात. एखादा माणूस शहराला घातक वाटला, तर लोक खापरीवर त्याचे नाव कोरत. खापऱ्या पुरेशा जमल्या की तो दहा वर्षे हद्दपार. "आणि दोन्हीकडे राबायला गुलाम होते बरं का," असे मास्तर शेवटी हळूच सांगत.

मग छप्पन साल आले. संयुक्त महाराष्ट्रासाठी सारे गिरणगाव पेटून उठले होते. मोर्चातून परतलेली माणसे आमच्यापाशी येऊन घसा ओला करीत आणि म्हणत, "गंगुबाई, तुझ्या माठात गंगा आहे गं!" असे कौतुक मी पुन्हा कधी ऐकले नाही. पण दिवस वाईट होते. गोळीबार होत होता, संचारबंदी लागत होती, कोण आपला आणि कोण सरकारचा कळत नव्हते.

एके दिवशी पोलीस आले आणि सरळ तालमीत शिरले. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती उकरून त्यांनी मोर्चाचे झेंडे आणि पत्रके काढली आणि तालमीच्या पोरांना गाडीत घालून नेले. जागा पोलिसांना सांगितली कोणी? बोट वळले जयवंताकडे. अथेन्स चाळीतला हा मितभाषी माणूस आदल्या दिवशी इराण्याकडे एका हवालदाराबरोबर चहा पिताना दिसला होता.

संध्याकाळी दोन्ही चाळी आवारात जमल्या. जयवंत मधोमध उभा, शेजारी त्याची बायको मालन, कडेवर तान्हे पोर. "हवालदार माझ्या गावचा," जयवंत म्हणाला. "गावच्या माणसाबरोबर चा प्यालो, एवढाच माझा गुन्हा."

"खबऱ्या आहे! चाळीतून काढा त्याला!" कोंडीराम गरजला. त्याच्या उरलेल्या पोरांनी गलका केला. खबऱ्या म्हणून हाकललेल्या माणसाला लालबागपासून वरळीपर्यंत कोणी खोली दिली नसती, आणि रस्त्यावर दगड पडले असते ते वेगळेच.

शामराव मास्तर पुढे झाले. "गलका नको, कोंडीराम. भिणारा माणूसही गलक्यात ओरडतो. बालदीत खापऱ्या टाकू. खडूने फुली काढली तर जावं, गोल काढला तर राहावं."

तालमीच्या फुटक्या कौलांचा ढीग होता. पुरुषांना तुकडे वाटले. तेव्हा मालनने विचारले, "आणि आम्ही बायका?"

मास्तर घुटमळले. "अथेन्सात बायकांना मत नव्हतं. स्पार्टात त्या मैदानात खेळायच्या, जमिनी बाळगायच्या, पण सभेत त्यांनाही नव्हतं."

"मगे दोनय गावां जळांदेत तुमची!" गंगुबाई उसळली. "बावन सालात सरकारच्या पेटयेत माजा मत चलला, आणि चाळीच्या बालदीत चलणा नाय?"

"खापऱ्या संपल्या," कोंडीराम म्हणाला आणि उरलेली कौले त्याने पायाने गटारात लोटली.

मित्रांनो, माठाला तोंड असते, पण जीभ नसते. नाहीतर मीच ओरडले असते, कारण झेंड्यांच्या जागेचे गुपित कोणी फोडले ते आम्ही ऐकले होते. गंगुबाई आमच्याकडे वळली. दर शनिवारी नारळाच्या केसाळ सोडणाने घासून आम्हाला आंघोळ घालणारा तिचा हात क्षणभर माझ्यावर टेकला. मग तिने आम्हाला पाण्यासकट उचलले आणि फरशीवर आपटले.

दुखले. खूप दुखले. पाणी कोंडीरामाच्या पायांपर्यंत वाहत गेले.

"आता आयका," गंगुबाई म्हणाली. "परवा ह्याच माठाकडे, वस्तादा, तू पोरांका छाती फुगवून सांगीत होतंस, झेंडे हौद्यात आसत, कोणाच्या बापाक गावूचे नाय म्हणान. तेव्हा एक अनोळखी माणूस दोन ओगराळी पाणी पिऊन गेलो. पाणी मीच दिलंय तेका. बायांनो, उचला खापऱ्यो."

बायका वाकल्या. मला उचलणारा हात ओला होता. तो कौसल्येचा होता. कौसल्या म्हणजे कोंडीरामाची बायको. नवऱ्याची नजर पाठीवर घेऊन तिने माझ्यावर खडू फिरवला आणि मला बालदीत टाकले.

मास्तरांनी बालदी पालथी केली. गोल जास्त निघाले. फार नाही, मूठभरच. जयवंताचे बिऱ्हाड राहिले आणि मालन मटकन खाली बसून रडू लागली.

पण कोंडीराम ढिगाकडे बघत होता. तांबड्या खापऱ्या पुरुषांच्या, काळ्या बायकांच्या. काळ्यांत बहुतेक गोल होते, दोनचार फुल्याही होत्या. त्याने मान वर केली. "कौसल्या, तुझी खापरी कुठची?"

कौसल्येने पदर खोचला.

"टाकली ती बालदीत," ती म्हणाली. "आता ती माझी नाय."

कोंडीराम पुढे सरकला, तशा साऱ्या बायका तिच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. तो थांबला. मग मास्तरांनी आम्हाला पायाने एकमेकींत मिसळून टाकले.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात मत येईल. ते जपा, आणि दुसऱ्याचे तर त्याहून जपा. कौसल्येने माझ्यावर फुली काढली की गोल, हे मला पक्के ठाऊक आहे. पण ते मला विचारू नका.