मी बुजले नाही

मित्रांनो, मी एका गावची जुनी विहीर आहे. आमचं गाव रत्नागिरीहून पावसला जाताना लागतं. माझं बांधकाम जांभ्याच्या चिऱ्यांचं. मला खोदलं, तेव्हा वरच्या वाडीतले शेतकरी आणि खालच्या मोहल्ल्यातले दर्यावर्दी, दोघेही पहारी घेऊन आले होते. कितीतरी वर्षं मी दोन्हीकडचे हंडे भरले. माझ्या कठड्यावर दोरांच्या खाचा पडल्या, त्यांचा मला अभिमान होता.

मग नळ आले. माझ्यात निर्माल्य पडलं, बाटल्या पडल्या. लोक मान वळवून जाऊ लागले. पण मी आटले नाही. वाडी उंचावर, नळाचं पाणी तिथे घरापुरतंच जेमतेम चढे. त्यामुळे वाडीतली तुळसा तेवढी रोज गुरांसाठी पाणी शेंदायला येई.

यंदा चैत्रात माझ्या शेजारीच असलेल्या आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. ग्रामसभेपुढचा विषय होता, विहीर बुजवून पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करणे. मोहल्ल्यातल्या सुरय्याने ती वाचली. तिचा नवरा कुवेतला असतो, घरचं-बाहेरचं सगळं तीच बघते. ती तडक माझ्याकडे आली.

"तुळसाबाय, ही विहीर बुजवतायत."

तुळसाचा दोर हातातच राहिला. "आपल्याला कोण विचारतो गो?"

"विचारावंच लागतं. मतदार यादीत नाव आहे ना तुमचं? मग ग्रामसभेत बोलता येतं, हात वर करता येतो. आणि त्याआधी बायकांची महिला सभा घ्यावी लागते."

आमच्याकडे महिला सभा म्हणजे घरोघर सह्या फिरवणं. या वेळी बायका खरोखरच पंचायतीच्या पडवीत येऊन बसल्या. विहीर बुजवू नये, उपसून साफ करावी, असा ठराव त्यांनी केला.

ग्रामसभेला मात्र पडवी अर्धीही भरली नाही. सरपंच भागोजी उठले. "गणपूर्ती नाय. सभा तहकूब."

बायका निघाल्या. सुरय्या थांबली. तिने ग्रामसेवकांना विचारलं, "तहकूब सभेला किती माणसं लागतात?"

"तिला संख्येची अट नसते," ते हळूच म्हणाले.

म्हणजे चार डोकी जमली तरी मला गाडता येणार होतं! संतापाने माझं पाणी ढवळून निघालं.

सुरय्याने मोहल्ल्याची दारं ठोठावली, तुळसा वाडीत फिरली. आंबे उतरवायला मुंबईहून गावी आलेल्या, यादीत नाव असलेल्या पुरुषांनाही तिने बागेतून खाली बोलावलं. तहकूब सभेच्या दिवशी पडवी भरली, पायऱ्या भरल्या, माणसं माझ्या कठड्याला टेकून उभी राहिली.

भागोजी म्हणाले, "गाड्या थांबल्या तर गावातल्या पोरांना धंदा मिळेल. नळ असताना जुनी विहीर कशाला?"

"भागोजीभाऊ," तुळसा उठली. तिचा आवाज चढला. "गाडी उन्हात उभी राहिली तर मरत नाय. माझी गुरं मरतील. तुमचा नळ मे महिन्यात काय देतो? वारा!"

सभा हसली. भागोजी चिडले. "झालं, पुढचा विषय घ्या."

"नाही झालं," सुरय्या म्हणाली. "आधी महिला सभेचा ठराव वाचा. मग हात वर करायला सांगा. जे ठरेल ते लिहा आणि आम्हाला वाचून दाखवा."

ठराव वाचला गेला. हात वर झाले. बांगड्यांचे हात, आंब्याच्या चिकाने काळवंडलेले हात, मोहल्ल्याचे आणि वाडीचे. भागोजींनी हात मोजले. मग म्हणाले, "लिहा, ग्रामसेवक. विहीर राहील."

पुढच्याच आठवड्यात माणसं माझ्यात उतरली. गाळ निघाला, बाटल्या निघाल्या, तळाचे झरे मोकळे झाले. वाहनतळाला दुसरी जागा शोधायचं ठरलंय, पण तीही सभेला विचारून.

मित्रांनो, माझी दया करू नका. नोटीस वाचा, घरच्यांना सभेला धाडा, मोठे झालात की स्वतः जा. सभा तहकूब झाली म्हणून घरी बसू नका. प्रश्न विचारायला लाजू नका.

उद्या पुन्हा कोणी मला बुजवायला येईल. येऊ दे. मी खोल आहे. मला भरायला पुष्कळ माती लागेल, आणि पहिल्या घमेल्याआधी तुमचा होकार लागेल. तो देऊ नका!