दोन खिडक्या, एक खुर्ची

शेठनं मिस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं आणि मागे सरकून बघितलं.

"आता जरा माणसात दिसतोस. आत मीच बोलतो."

"नको शेठ. तुम्ही बोलायला लागलात की मला मुळात हात होता की नव्हता, इथपासून घोळ होईल."

दोघंही हसले. मिस्त्रीच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि पट्टीत अंगठ्याखेरीज फारसं काही नव्हतं. बाकीचं शेठच्या कारखान्यातल्या पुठ्ठा कापणाऱ्या प्रेसनं ठेवून घेतलं होतं. भरपाई मिळाली तर घर चालणार होतं; नाहीतर डाव्या हाताला काय काय जमतं ते बघायचं होतं. एकत्र जावं, झालं तसं सांगावं, काम पटकन उरकेल, असा दोघांचा हिशेब होता.

सरकारी मदत केंद्रात एक खिडकी कामगारांची, एक मालकांची. मध्ये डोक्याइतकी उंच प्लायवूडची भिंत. काचेपलीकडे मात्र साहेब एकच, चाकांच्या खुर्चीवर. दुसऱ्या साहेबांची जागा भरायची राहून गेली होती.

"असं एकत्र उभं राहू नका," साहेब म्हणाले. "इथलं तिथं कळता कामा नये."

दोघं भिंतीच्या दोन बाजूंना गेले. साहेब आधी मिस्त्रीकडे वळले.

"मशीनवर असतानाच झालं ना? मग घाबरायचं नाही. हक्क आहे तुमचा. मालकाला अजिबात सोडू नका."

मग त्यांनी पायानं रेटा दिला, खुर्ची पलीकडच्या खिडकीशी नेली आणि चेहरा नवा केला.

"बोला, आपली काय अडचण?"

"साहेब, चूक माझीच. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असते ती जाळी मीच काढायला लावली. तिच्यामुळं काम मागं पडत होतं."

"हे मी ऐकलेलं नाही." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "जाळी नव्हती म्हणालात तर विमावाले हात वर करतील. सगळं तुमच्या डोक्यावर, वर कारखान्याला टाळं. तो तेव्हा चहाला गेला होता, असं म्हणता येईल?"

"चहाला गेलेल्याची बोटं प्रेसमध्ये कशी सापडतील?"

"ते त्यानं सिद्ध करायचं."

शेठनं खिशातून कारखान्याच्या किल्ल्या काढल्या, बघितल्या, परत ठेवल्या.

"म्हणता येईल," तो म्हणाला.

प्लायवूडमधून शब्द न् शब्द येत होता. दुसऱ्याचं खासगी बोलणं ऐकू नये म्हणून मिस्त्री पंख्याकडे बघत राहिला. खुर्ची परत आली.

"हं, कुठं होतो आपण?"

"साहेब, समजा मालक म्हणाले, मी चहाला गेलो होतो. मग?"

"असं कोण म्हणेल? इतका नीच माणूस असतो का!"

पलीकडे शेठ खोकला.

"तरी साक्षीदार हवाच," साहेब म्हणाले. "तेव्हा तिथं कोण होतं?"

"शेठच. त्यांनीच मशीन बंद केलं, मला उचलून गाडीत घातलं."

"मग विचारा की त्यांना."

मिस्त्री टाचा उंचावून भिंतीवरून डोकावला.

"शेठ, साक्षीला याल का?"

चाकं करकरली. साहेब घाईघाईनं पलीकडे पोचले आणि तोंडाशी हात धरून कुजबुजले, "नाही म्हणा."

शेठनं वर बघितलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

मिस्त्रीच्या टाचा जमिनीला टेकल्या. साहेब परत अलीकडे आले. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"मनाला लावून घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "त्यांना कुणीतरी शिकवलंय."