कंपनीची ओहोटी

“त्या कंपनीच्या खुर्चीला आग लावा आदी, मंग माजं पाय बगा!” शांती कडाडली आणि खोबरेलाची वाटी तिनं ओटीवर अशी आपटली, की निम्मं तेल काशिरामच्या धुतलेल्या सदऱ्यावर उडालं.

सदरा काही साधासुधा नव्हता. निर्मळकांती केमिकल्सनं दिलेला होता. खिशावर हिरवं पान छापलेलं आणि पानाखाली ‘भरती-मित्र’ अशी अक्षरं. गव्हाणच्या अलीकडल्या त्या कोळीवाड्यात क्रिकेटच्या पोरांपासून भजनी मंडळापर्यंत सगळ्यांच्या अंगावर कंपनीचे कपडे होते, पण पान छापलेला सदरा एकट्या काशिरामकडं. त्यामुळं त्याला बायकोच्या पायांआधी सदऱ्याची काळजी वाटली, आणि नेमकं तेच शांतीनं पाहिलं.

“डाक्टरनं मलम दिलाय ना तुना?” तो म्हणाला.

“दिलाय. आनि सांगितलान, चिखलात जाऊ नका. मंग कालवं काय डाक्टरची आयस काढल?”

शांतीचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन वर्षं तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडत होत्या. कातडी सोलून निघत होती, आणि एक जखम भरते न भरते तोच शेजारी दुसरी उघडत होती. ओहोटीला खाडीत उतरून शिंपल्यांतली कालवं आणि चिखलातले निवट्या मासे काढणाऱ्या सगळ्याच बायांचं असं झालं होतं. कंपनीनं आरोग्य शिबिर घेतलं, फुगे लावले, फोटो काढले. डॉक्टरनं वीस बायांना वीस ट्यूबा दिल्या आणि ही ॲलर्जी आहे म्हणून सांगितलं. कशाची, ते काही त्यानं सांगितलं नाही. बहुधा गरिबीची असावी.

तसा कंपनीचा कारभार पहिल्यापासून मोठा गोड. तीस वर्षांपूर्वी ती आली, त्याच्या दुसऱ्याच साली खाडीत बोय मासा पांढरं पोट वर करून तरंगला. साहेब म्हणाले, उन्हाळा कडक आहे. पुढं कोळंबी गेली. साहेब म्हणाले, तुम्हीच फार धरली. एकदा पाणी सलग चार दिवस तांबडं वाहिलं, तेव्हा साहेबांनी माती तपासायला पाठवली, ती अजून तपासताहेत. मग खाडीत विमानतळाचा भराव पडला आणि कंपनीचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून मासा मेला तरी भरावानं आणि माणूस खोकला तरी भरावानं. दरवर्षी जूनमध्ये साहेब लोक येत आणि गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत नवी झाडं लावत. खड्डे मात्र चांगले टिकले होते.

काशिरामला कंपनीनं जवळ केलं ते त्याच्या भरतीमुळं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे कुठल्याही कोळ्याला ठाऊक असतं. पण तो तास झाला उघड्या समुद्राचा. खाडीच्या पोटात पाणी किती उशिरा शिरतं, कुठं अडतं, कोणत्या घटकेला जोरात धावतं, हे काशिरामसारखं कुणाला सांगता येत नसे. चाळीस वर्षांत त्याची भरती चुकली नव्हती. दोन वर्षांपूर्वी कंपनीवाल्यांनी मोबाइलवर विश्वासून आपल्या मोठ्या साहेबांना होडीतून खाडी दाखवायला नेलं, तर होडी चिखलात बसली आणि साहेब गुडघाभर गाळात. त्या दिवसापासून कंपनीच्या अवधूत साहेबांनी काशिरामला गेटवर खुर्ची दिली आणि खडूनं लिहायला एक फळा.

“काका, रोज फक्त दोन वेळा लिहायच्या,” अवधूत साहेब म्हणाले होते. “फुल भरती किती वाजता आणि ओहोटीचं पाणी सगळ्यात फोर्सनं कधी जातं. आम्हाला एन्व्हायर्नमेंटसाठी लागतं.”

आपल्या विद्येची शिकल्यासवरल्यांना गरज पडली म्हणून काशिरामची छाती फुगली. रोज सकाळी तो वाड्यातल्या बायांना चिखलात उतरायची वेळ सांगे, मग सदरा चढवून जाई आणि तीच वेळ फळ्यावर लिही. एवढा प्रामाणिक माणूस कंपनीला दिवा घेऊन शोधूनही सापडला नसता.

त्या दिवशी भांडण झालं खरं, पण शांतीला पाऊल टेकवेना, हे त्यानंही पाहिलं. दशमी होती. पूर्ण भरती सव्वाआठला, पाणी जोरात उतरणार सव्वाअकराला. त्यानं फळ्यावर वेळा लिहिल्या, घरी येऊन सदरा खुंटीला लावला आणि तिची कालवांची पाटी उचलली.

“आज मीच येतंय संगट.”

“काय, सूर्य कनच्या बाजूला उगवला?” शांती म्हणाली. पण पाटी तिनं देऊन टाकली.

दोन वर्षांत तो पहिल्यांदाच खाडीत उतरत होता. बाया पुढं वाकून कालवं फोडत होत्या. वरच्या अंगाला, तिवरांच्या झाडीआड, कंपनीचा पाइप होता. तो बंद असतो असं कंपनी सांगत असे, आणि कंपनी सांगते म्हणून काशिरामही सांगत असे. बरोबर सव्वाअकराला त्या बंद पाइपातून पिवळसर फेस उसळला. इतकी वेळेची शिस्त कंपनीनं पगाराच्या बाबतीतही कधी पाळली नव्हती. धावत्या पाण्याबरोबर फेस खाली आला, बायांच्या पोटऱ्यांभोवती फिरला आणि नाकात कुजकी, तिखट वाफ गेली. शांतीनं ओठ दाबून धरले आणि पाय न उचलता काम चालू ठेवलं. तिला सवय होती.

“ह्यो रोज येतंय?” काशिरामनं विचारलं.

शेजारची मालू हसली. “तुमची ओहोटी आनि त्याचा फेस, दोगं जोडीनं येतान, दादा. आमाला वाटलं तुमाला म्हाइती हाय. तुमी कंपनीचं मानूस.”

काशिरामच्या पायांची आग आग होऊ लागली, पण त्याहून जास्त आग वर, छातीत झाली. ज्या तोंडानं त्यानं बायकोला चिखलात उतरायची वेळ सांगितली होती, त्याच तोंडानं कंपनीला फेस सोडायची वेळ सांगितली होती. दोन वर्षं, रोज, खडूनं, सुवाच्य अक्षरात. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला त्या मोकळ्या चिखलात जागा नव्हती.

घरी आल्यावर त्यानं शांतीचे पाय धुतले. ती नको नको म्हणत होती. “सोडा ती खुर्ची, राजीनामा द्या,” ती म्हणाली. “दुसरा कुनी लिवंल.”

“म्हनूनच नाय सोडीत,” काशिराम म्हणाला.

चार दिवसांनी, चतुर्दशीला, सरकारी तपासणी होती. तपासणी अचानक होणार असल्यामुळं कंपनीनं आठवडाभर आधी रंगकाम काढलं होतं. दरवेळी तपासणीवाले पूर्ण भरतीला येत. खाडी तुडुंब, समुद्राचं स्वच्छ पाणी वर आलेलं, पाइप चार हात खाली बुडालेला. बाटलीत नमुना असा नितळ यायचा, की पिऊन टाकावासा वाटावा. अवधूत साहेबांनी आदल्या दिवशी काशिरामला केबिनमध्ये बोलावलं, चहासुद्धा दिला.

“काका, उद्या फुल भरती किती वाजता? बाई नवीन आहेत, जरा स्ट्रिक्ट आहेत. टायमिंग परफेक्ट पाहिजे.”

चतुर्दशीची भरती सव्वाअकराला. काशिरामच्या जिभेवर ती आलीही होती. चाळीस वर्षांची सवय, ती आतून धक्के देत होती. त्यानं चहाचा घोट घेऊन तिला मागं लोटलं.

“दोन वाजता,” तो म्हणाला.

“ॲप तर साडेदहा दाखवतंय.”

“मोबाइलचं ऐकून मोठ्या सायबांना कुठं उबं केलं व्हतं, इसरले?” काशिराम म्हणाला. “उधान हाय सायेब. आनि त्यो भराव पडल्यापासना पानी वळसा घालून येतंय. टायम लागतंय.”

भरावाचं नाव निघताच अवधूत साहेबांची शंका फिटली. इतकी वर्षं ते स्वतःच सगळं भरावावर ढकलत होते, आता त्यालाच नाही कसं म्हणणार? “आणि सकाळी टाकी... म्हणजे, ओहोटी फोर्सनं कधी?”

“पहाटं पाचला.”

पहाटे पाचला खरं तर ओहोटी संपून भरती लागत होती. कंपनीनं तपासणीआधी टाकी रिकामी करायची म्हणून पाइप सोडला. खाली वाहून जायचं ते सगळं भरतीनं उलटं वर रेटलं. आधी ते नाल्यात गेलं, मग नाल्यातून कंपनीच्या बागेत, जिथं पाहुण्यांसाठी कमळांचं तळं केलेलं होतं. काशिरामनं वाड्यात दवंडी दिल्यासारखं सांगितलं होतं, “आज चिखलात कुनी जायाचं नाय.” का, ते सांगितलं नव्हतं.

दुपारी दोनला तपासणीच्या बाई बाटली घेऊन उतरल्या. समोर खाडीच नव्हती, नुसता काळा चिखल. त्यातून पाण्याचा एक ओहळ जोरात धावत होता, आणि सकाळपासून वर कोंडलेला सगळा पिवळा फेस त्याच्याबरोबर परत निघाला होता. उघडा पडलेला पाइप शेवटचे थेंब गाळत होता. तळ्यातली कमळं पांढरी पडली होती.

“हा पाइप बंद असतो ना?” बाईंनी विचारलं.

“भरावामुळे...” अवधूत साहेब म्हणाले आणि थांबले. त्या वाक्याला पुढं काही नसतं, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

बाईंनी एक नाही, सहा बाटल्या भरल्या. आठवड्यात कंपनीला टाळं लागलं. बरोबर एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी फटाके वाजवून ती पुन्हा उघडली. एका मोठ्या फलकावर ‘नव्या निर्धाराने’ असं लिहिलं होतं. काशिरामची खुर्ची गेली, सदरा परत मागितला गेला, आणि त्याच्या जागी गेटवर परदेशी यंत्र बसलं.

पण त्यानं साहेबांना सांगितलेली भरती चुकली, हे वाड्यात पसरलं आणि त्याचं नाव गेलं ते गेलंच. खरं काय ते सांगितलं असतं तर कंपनीनं त्याला पोलिसांत खेचलं असतं, म्हणून तो गप्प बसला. होडी लोटताना पोरं आता मोबाइल बघत. मालूनं भर चव्हाट्यावर विचारलं, “दादा, वय झालं काय? येवरी मोठी भरती चुकली कशी?”

“चुकली बाय,” काशिराम म्हणाला. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट अशी तीन अक्षरांत गेली, आणि त्याला वाईट वाटलं. खूप वाटलं.

शांतीनं एकदाही विचारलं नाही. त्या एकवीस दिवसांत तिच्या बोटांतल्या चिरा सुकल्या होत्या, तेवढं तिला पुरलं असावं. कंपनी उघडल्यावर दुसऱ्या सकाळी तिनं पाटी काखेला मारली आणि दारात उभी राहिली.

“ओहोटी कवा हाय आज?”

“साडेनवाला उतर. आनि मी वरडलो का तशीच वर ये.”

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. “ह्यो टायम माजा हाय, का कंपनीचा?”

काशिरामनं चपला दारातच काढल्या. तिच्या काखेतली पाटी घेतली आणि तो तिच्या आधी चिखलात उतरून, पाइपाच्या बाजूला तोंड करून उभा राहिला.