वार्डाकिस सरांच्या कपाटातला घोडा

ग्रीसमधल्या आमच्या छोट्या संग्रहालयात एक पद्धत आहे: जो उकरतो, तोच लिहितो. त्याचं लिहून होईपर्यंत बाकीच्यांनी त्या वस्तूकडे बघायचंसुद्धा नाही. वार्डाकिस सरांनी गावच्या टेकडीवर एक मडकं उकरलं, त्यात काशाची एक्केचाळीस नाणी निघाली. त्याला बत्तीस वर्षं झाली. सर लिहीत होते.

एव्हान्थिया माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिचं आयुष्य एका घोड्यामागे गेलं. आमच्या गावच्या जुन्या नाण्यांवर तो असतो. विद्वान म्हणतात, या गावाला कसली टांकसाळ? नाणी मोठ्या लारिसा शहरात पाडली आणि इकडे धाडली. एव्हान्थियाला मात्र टेकडीखाली नाणी पाडायचा एक ठसा सापडला होता. त्यातल्या घोड्याच्या पुढच्या खुराखाली भेग आहे. तीच भेग मडक्यातल्या एखाद्या नाण्यावर उमटलेली दिसली, की टांकसाळ आमची.

दर वर्षी सरांच्या नावाच्या संताच्या दिवशी, आमच्याकडे तो वाढदिवसासारखाच, ती फार्साला गावचा प्रसिद्ध हलवा घेऊन जायची.

"सर, एकदा नुसती बघू द्या."

"बघशील गं! नाणी दोन हजार वर्षं थांबली, तुला कसली घाई?"

यंदा ती निवृत्त होणार, आणि यंदाच सरांनी परवानगीवर सही केली. मन मोठं झालं म्हणून नव्हे, डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून.

कपाट उघडलं. सरांनी प्रत्येक नाणं मऊ प्लास्टिकच्या वेगळ्या पाकिटात जपून ठेवलं होतं. त्या प्लास्टिकला घाम फुटला होता आणि त्याने नाणी खाल्ली होती. हिरवा चिकट लगदा. फोटो एकही नव्हता. कुणी फोटो पळवून आधी लिहिलं तर?

एक पाकीट घेऊन आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. सरांनी लगद्यावरून अंगठा फिरवला.

"घोडा आहे की!"

"लगदा आहे, सर," एव्हान्थिया म्हणाली.

"मला लख्ख आठवतो. लिही, 'वार्डाकिस यांनी स्वतः पाहिला.' माझा शब्द अथेन्समध्ये अजून चालतो."

चालतो, हे खरंच होतं.

"आणि भेग?"

"भेगही होती. ठसठशीत."

मी टेबलाखालून तिला पाय मारला. घे की बाई, पदरात पाडून घे.

एव्हान्थिया हळूच म्हणाली, "शेपटीखाली होती ना, सर?"

"शेपटीखालीच! तुला कुणी सांगितलं?"

तिने वही मिटली.

"आणि हे बघ पोरी," सर म्हणाले, "तुझ्या त्या नाण्यांच्या पुस्तकावर माझं नाव आधी घाल."

जूनमध्ये पुस्तक आलं. टांकसाळीच्या प्रकरणात एकच वाक्य आहे: पुरावा उपलब्ध नाही. लारिसावाल्यांनी तिच्या प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदनाचं पत्र पाठवलं. सरांच्या नावे.