झाकणावरचा खलबत्ता

...नाकाच्या शेंड्यावरचं एक खवलं निघालं होतं, तिळाएवढं, आणि त्याखाली गुलाबी, ओलसर असं काहीतरी – हृषिकेश काचेला इतका चिकटून पाहत होता की त्याच्याच श्वासाची वाफ काचेवर धरली, ती त्याने बाहीने पुसली, आणि आतला साप – ओटो, नर, वय वर्षं चार, मुलीच्या बाराव्या वाढदिवसाची भेट – पुन्हा तोच कोपरा नाकाने रेटू लागला. तीन आठवडे हेच. गुरुवारी तर झाकण उचलून पसार झाला, तो सुलेखाला वॉशिंग मशीनमागे सापडला, त्याला दोन्ही हातांनी उचलताना ती म्हणाली होती, "तुझंही बरोबर आहे रे बाबा." आपल्या बायकोचं हे वाक्य हृषिकेशने दारातून ऐकलं होतं, पण त्याची नोंद कुठे करायची ते त्याला कळलं नव्हतं.

बाकी सगळ्याची नोंद होती. इथे जर्मनीत, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात अठरा वर्षं त्याने हेच केलं होतं: सुटा भाग बिघडून परत आला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला गुन्हेगार आपणहून उभा राहतो. कारखान्यातल्या गुन्हेगारांना तेवढी शिस्त असते. ओटो का घासतो? बाहेर जायचंय. का? आत काहीतरी कमी आहे. काय कमी आहे? ...उबेच्या बाजूला एकोणतीस अंश, गार बाजूला तेवीस. लपायला एकाऐवजी दोन कुंड्या. उंदीर दिला तर हुंगलासुद्धा नाही. कात टाकायची वेळही नव्हे. तक्त्यातला रकाना न् रकाना हिरवा, आणि नाक तेवढं लाल.

रविवारी इथे आवाज करायला बंदी, म्हणून आज ड्रिल लावून खिटी बसवायची सोय नव्हती. भिंत थरथरायच्या आत खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केलरबाईंनी दारावर चिठ्ठी लावली असती. म्हणून सध्या झाकणावर खलबत्ता – लोखंडी, सुलेखाने पुण्याहून साड्यांत गुंडाळून आणलेला.

"पापा, एस इस्ट फ्र्यूलिंग," मागून कादंबरी म्हणाली. वसंत आलाय, हे तिने अशा सुरात सांगितलं की जणू तो घरी कळवायचं बापाकडूनच राहून गेलं होतं. मग उपकार म्हणून मराठीत: "नर आहे ना तो. मादी शोधतोय. घर छान आहे त्याचं. तू सारखं घर काय नीट करतोस?"

घरात चूक नाही; हवंय ते घरात नाही... असा रकानाच त्याने आखला नव्हता.

दहा दिवसांपूर्वी उंटरश्लाइसहाइमहून, गाडीने काही तासांवरच्या गावाहून, सुलेखाला नोकरीचं पत्र आलं होतं. पाच दिवस तिकडे राहायचं, शनिवार-रविवार इकडे. "तुला काय वाटतं?" तिने विचारलं, आणि त्याने रात्रभर बसून तिला रंगीत तक्ता दिला – गाड्यांच्या वेळा, घरभाडं, कर. त्यानंतर ओट्यावर नवा दिवा आला. तिच्या खुर्चीला पाठीची उशी आली. बाल्कनीचं करकरणारं दार गप्प झालं. घर इतकं सोयीचं झालं होतं, की कुणी त्यातून का जावं...

"माझा खलबत्ता कुठाय?" सुलेखा आत आली आणि थबकली. "अरे! सापाच्या डोक्यावर? श्रीखंडाची वेलची काय आता तुझ्या तक्त्याने कुटू?"

"उद्या खिटी बसवतो, मग घे."

"आणि मला कधी बसवतोयस?"

"तुला काय?"

"खिटी."

कादंबरीने हेडफोन कानांवर ओढले आणि ती बाहेर गेली.

"सहा वाजता मी होकार कळवतेय, हृषिकेश," सुलेखा म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "तुला नको असेल तर आत्ता नको म्हण. कारणं नकोत, आकडे नकोत. नुसतं नको म्हण. मी थांबेन. खरंच थांबेन."

शब्द तयार होता, दोन अक्षरी, जिभेवरच. तो म्हणण्यापूर्वी एकदा नीट दुःख होऊ द्यावं म्हणून त्याने ती गेल्यानंतरची सोमवारची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणली... दार उघडलं, दिवा लावला, कादंबरी हेडफोन लावून तिच्या खोलीत, 'काय झालं, गप्प का' असं कुणी विचारलं नाही, ओट्यापाशी उभ्याउभ्याच पातेल्यातला दहीभात, मग खुर्ची, मग काहीच नाही, उशिरापर्यंत काहीच नाही – आणि छातीत काहीतरी सैल झालं. दुःख असणार, असं समजून त्याने ते चाचपून पाहिलं. दुःख नव्हतं. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आल्झो..." तो म्हणाला. म्हणजे 'तर मग'; ज्याच्यामागून काहीतरी बोलावंच लागतं असा हा शब्द. आणि सुलेखा त्या काहीतरीची वाट पाहत, त्याच्या तोंडाकडे निरखून बघत उभी राहिली, आणि तो, आपला चेहरा दुःखी दिसतोय की नाही, याच्या घोर काळजीत पडला.