बटणांच्या डब्यातली टेप

डेस्मंड वॉडिंगमने टेपरेकॉर्डरकडे हात नेला तेव्हा ग्लेनिसने झाकणावर तळहात ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "ही घेऊन जायची नाही."

इंग्लंडातल्या ग्रिम्सबी या बंदरगावात, चर्चमागच्या हॉलमध्ये नऊ माणसं कोऱ्या पडद्याकडे तोंड करून बसली होती. दर ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी ती अशीच जमत. 'इन्स्पेक्टर थर्कल' ही टीव्हीवरची पोलिसी मालिका १९७१ साली सहा आठवडे चालली आणि बंद पडली. पुढे टीव्ही कंपनीने त्या फिती पुसून त्यांच्यावर घोड्यांच्या शर्यती भरल्या. चित्रं गेली. उरले ते आवाज, तेही त्या काळी कुणीकुणी घरच्यांना गप्प बसवून, टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून कॅसेटवर घेतलेले. पाच भागांचे आवाज या चाहत्यांच्या मंडळाने तीस वर्षांत गोळा केले होते. सहावा, शेवटचा, कुणाकडेच नव्हता. तो तीन आठवड्यांपूर्वी ग्लेनिसला सापडला. आईला पुरून आल्यावर, आईच्या बटणांच्या डब्यात, तळाशी.

आत्ताच सगळ्यांनी तो ऐकला होता. माशांच्या धक्क्यावर थर्कल खुन्याला गाठतो. पावलं थांबतात. थर्कल खाकरतो, बोलू लागतो, आणि तेवढ्यात एक दार वाजतं. मालिकेतलं नव्हे, घरातलं. एक पुरुष विचारतो, "थेल्मा, जेवण कुठाय?" मग मायक्रोफोनच्या अगदी जवळून एक बाई सावकाश म्हणते, "ओव्हनमध्ये आहे, लेन. हात आहेत ना तुला? घे वाढून. मी ऐकतेय." लगेच शेवटचं संगीत.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं होतं. डेस्मंड हसला नव्हता. हातात पेन्सिल घेऊन, कान पुढे करून तो बसला होता आणि कागद कोरा राहिला होता.

"तुमच्या आईच्या आवाजाखाली थर्कलचं शेवटचं वाक्य आहे," तो म्हणाला. तो निवृत्त दंतवैद्य होता, आणि दात काढण्याआधीचा समजुतीचा स्वर त्याने अजून सोडला नव्हता. "लिहिलेले कागद कंपनीने जाळले. काम करणारे सगळे गेले. ते वाक्य जगात फक्त या टेपवर आहे. हल्ली संगणकाने वरचा थर काढता येतो. महिनाभर द्या. इथे फक्त सही."

"वरचा थर," ग्लेनिस म्हणाली.

"म्हणजे घरगुती व्यत्यय."

"तिचं नाव थेल्मा. आणि तुम्ही जी प्रत लोकांना ऐकवणार, तिच्यात ती नसणार."

"मूळ टेप तुमच्याकडेच राहील हो. घरी ऐका की हवी तितकी."

"घरीच राहिली ती. जन्मभर."

पुढच्या रांगेतल्या बेरिलने बिस्किटांचा डबा उचलला. मंडळातली ती सर्वांत म्हातारी.

"डेस्मंड, एक घे आणि खाली बस. पोरीची आई गेलीय."

"बेरिल, मी चौदा वर्षांचा होतो. तेव्हापासून त्या एका वाक्याची वाट बघतोय."

"मी माझ्या नवऱ्याच्या एका चांगल्या वाक्याची सत्तेचाळीस वर्षं वाट बघितली. जगलेच ना?"

ग्लेनिसने हात हलवला नाही. झाकणाखाली यंत्र अजून कोमट होतं. तिचे वडील, लेन, गोदीत रात्रीच्या पाळीला बोटींवरचे मासे उतरवत. ते रात्री साडेनऊला झोपून उठत, आणि त्यांच्यापुढे ताट लागलेलं नाही असं ग्लेनिसने एकदाही पाहिलं नव्हतं. मांस आधी त्यांना, मग बाकीच्यांना. अठराव्या वर्षी घर सोडून लीड्सला निघताना ती बॅग उचलून स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती आणि आईला म्हणाली होती, "तुला कणाच नाही." थेल्मा मांडीवर डबा घेऊन बटणं निवडत होती. एक निळं बटण तिने उजेडात धरून पाहिलं आणि परत डब्यात टाकलं.

ते वाक्य ग्लेनिसने नंतर कधी परत घेतलं नाही. आता ते ऐकायला आईच राहिली नव्हती.

"तुमच्या चहाच्या मगावर काय छापलंय, वॉडिंगम?" तिने विचारलं.

डेस्मंडने खाली पाहिलं. मंडळाचे मग होते ते, पहिल्या वर्षी करवून घेतलेले.

"'पुसणाऱ्यांना माफी नाही,'" तो म्हणाला. "पण ते वेगळं. त्यांनी..."

"त्यांनाही ते बिनकामाचंच वाटलं असेल."

डेस्मंडचे कान लाल झाले. करायला काहीतरी हवं म्हणून त्याने नोंदवही ओढली आणि कॅसेटची रिकामी डबी हातात घेतली. आलेल्या प्रत्येक टेपवरचा मजकूर मोठ्याने वाचून वहीत उतरवायचा, ही त्याची तीस वर्षांची शिस्त. डबीतला घडी घातलेला कागद त्याने उलगडला आणि चष्मा सारखा केला.

"'थर्कल, भाग सहा,'" तो वाचू लागला. "'मायक्रोफोन उशीवर. बाजू उलटताना एक मिनिट गेलं. शेवटचं वाक्य माझ्या बोलण्यात गेलं.'" तो थांबला. पुढचं त्याने हळू वाचलं. "'तो काय म्हणाला ते आता कळायचं नाही. मी काय म्हणाले ते आहे. पुसणार नाही.'"

ग्लेनिस खिडकीकडे पाहत होती. तिला ते पाठ होतं.

डेस्मंडने कागद होता त्याच घडीवर मिटला. डबीत ठेवला. सहीचा फॉर्म वहीखाली सरकवला, बोटाने कडा आत ढकलली.

"लाव रे पुन्हा," बेरिल म्हणाली. "दार वाजतं तिथून."

डेस्मंडने ग्लेनिसकडे पाहिलं. तिने झाकणावरून हात काढला.

त्याने टेप मागे घेतली. धक्क्यावरची पावलं आली, थांबली. थर्कल खाकरला. या वेळी डेस्मंड पुढे झुकला नाही. पेन्सिल वहीच्या मधोमध आडवी पडली होती, आणि दार वाजलं तेव्हा त्याने हाताची घडी घातली.