चाखणीसांची लेक

त्यानं चमचाभर लाल भोपळा तोंडाशी नेला आणि 'सुर्र्र' करून असा ओढला, की शेजारच्यांना वाटावं यांचा नळ बिघडला. मग तो लगदा डाव्या गालातून उजव्या गालात फिरवला, भुवया वर नेल्या, डोळे मिटले आणि सिंकमध्ये नेम धरून थुंकला.

"कालच्यापेक्षा बरा आहे," तो म्हणाला. "पण शेवटी जरा मातकट लागतो."

"भोपळा मातीतच होतो, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आभाळातून पडत नाही."

चहाच्या कंपनीत चहा चाखणं हे त्याचं काम. समोर कपांची रांग. चमच्यानं ओढायचं, फिरवायचं, थुंकायचं, पुढचा कप. गिळायचं नाही, गिळलं तर दुपारपर्यंत माणूस छताला चिकटायचा. मित्र त्याला चाखणीस म्हणत. इतक्या वर्षांत सवय अशी हाडात मुरली होती, की हाती चमचा आला की तो कामावर असे. एकदा थोरल्या साहेबांकडे जेवायला गेला असताना त्यानं सूप कुंडीत थुंकून, "वा, छान आहे," म्हटलं होतं. कुंडीतलं झाड वाचलं. बढती वाचली नाही.

आता त्याच्यासमोर उंच खुर्चीत गुंडी बसली होती. नुकतीच बसायला लागलेली, दोन दातांची, गळ्यात लाळेरं. त्यानं चमचा पुढे केला. गुंडीनं आनंदानं तोंड उघडलं, भोपळा आत घेतला, जरा वेळ विचार केल्यासारखी गप्प बसली आणि फुर्र करून थुंकली. सगळा भोपळा सासूबाईंच्या चष्म्यावर.

"नापास," चाखणीस म्हणाला. त्याच्या आवाजात निराशा कमी आणि कौतुक जास्त होतं. "मातकटपणा बरोब्बर पकडला. माझी जीभ घेतलीय पोरीनं."

"जीभ तुमची घेतली, कबूल," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "घसा कुणाचा घेतलाय? खाली काही उतरतच नाही."

प्रश्न थट्टेचा नव्हता. गुंडीची आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि तिची रजा आज संपत होती. उद्यापासून ती सकाळी जाणार ती संध्याकाळी येणार. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता नुसत्या दुधावर भागायचं नाही. बाटली गुंडी हातानं नाही, लाथेनं उडवायची. दिवसभर सांभाळायला सासूबाई आल्या होत्या, पण त्यांची अट साफ होती: पोरगी चमच्यानं खाणार असेल तर मी आहे, उपाशी रडणारं पोर ऐकायची ताकद आता माझ्यात नाही.

म्हणून चाखणीस आठवडाभर कामाला लागला होता. गाजर. बटाटा. केळं. गाजरात थोडा बटाटा. बटाट्यात जरा जास्त गाजर. प्रत्येक मिश्रण आधी स्वतः चाखायचं, मत द्यायचं, मग लेकीपुढे ठेवायचं. लेक थुंकली की तो मान डोलवून पुन्हा ओट्याकडे वळायचा. कंपनीत इतकी कडक चाखणारी असती तर निम्मे मळे बंद पडले असते.

"थोडं केळं घालून बघतो," तो म्हणाला, आणि नवा चमचा ओढला. सुर्र्र.

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या जावयाकडे बघणार, तेवढ्यात त्यांची नजर नातीकडे गेली. गुंडीच्या हातात रिकामा चमचा होता. तो तोंडाशी नेऊन तिनंही ओढलं. एक गाल फुगला, मग दुसरा. नसलेल्या भुवया वर गेल्या. डोळे मिटले. आणि बाप सिंकमध्ये थुंकला त्याच क्षणी लेक ताटलीत.

"अगं बाई!" सासूबाई मटकन खाली बसल्या. "हिला वाटतंय खायचं असंच असतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची शिकवणी चाललीय इथे आठवडाभर! गिळा. माझ्यासमोर गिळा बघू."

चाखणीसानं चमचा तोंडात घातला. लगदा जिभेवर आला आणि पाय सवयीनं सिंककडे निघाले. सासूबाई आडव्या आल्या. त्यानं डोळे गच्च मिटले, मान पुढे काढली. ठसका लागला, नाकात केळं गेलं. दुसऱ्या खेपेला गळ्याची घाटी वर गेली, तिथे जरा अडखळली आणि खाली आली. गुंडी त्या घाटीकडे टक लावून बघत होती. तिला चमचा दिला. तिनं तोंड मिटलं, मान पुढे काढली, आणि गिळलं. मग आ वासून पुढचा मागितला.

"खाल्लं! थांबा, माझ्या थोरल्या लेकीला फोन करते," म्हणत सासूबाई बाहेरच्या खोलीत पळाल्या.

तो बायकोला सांगायला वळला. ती दारापाशीच टेबलावर दुकानाच्या कोटाला इस्त्री करत होती.

"बघितलंस? माझी नक्कल करत होती!"

"हो. भुवयासुद्धा तशाच उडवते," ती म्हणाली. मान वर न करता.

तो थांबला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

कोटाला एकही सुरकुती नव्हती, तरी तिनं त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि पुन्हा तीच बाही दाबायला घेतली.

बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता: "हो गं, उद्यापासून निवांत जाईल ती कामावर!"

तो खुर्चीपाशी परत आला. गुंडी वाट बघत होती. त्यानं वाटीतला चमचा उचलला आणि मोठ्यांदा ओढला, सुर्र्र. डाव्या गालात, उजव्या गालात. मग सिंकपाशी जाऊन उभा राहिला आणि भरल्या तोंडानं बायकोकडे बघितलं. तिला घरी राहता यावं म्हणून काय वाटेल ते थुंकायला तो तयार होता. उद्या, परवा, ती म्हणेल तोवर.

तिला कळलं. इस्त्री हातात तशीच राहिली. बाहीवरून वाफ निघत होती. हसू आणि रडू एकाच वेळी येतं तसं काहीतरी तिच्या हनुवटीपाशी झालं. तिनं गुंडीकडे बघितलं. गुंडी बापाच्या घाटीकडे बघत होती.

"गिळ," ती म्हणाली.

त्यानं गिळलं.